शारजाहून आलेला आवाज

सन दोन हजारच्या जानेवारीत, ईदनंतरच्या दुसऱ्या शुक्रवारी, रत्नागिरीच्या राजिवड्यात हसनमिया मजगावकरांच्या मुलीचं लग्न होतं. अंगणात मांडव पडला होता, परसात अखनीच्या, म्हणजे मटणभाताच्या, देगी चढल्या होत्या, काझीसाहेब आले होते, नवरी आतल्या खोलीत बायकांच्या गराड्यात बसली होती. नवरा तेवढा नव्हता. नवरा शारजात होता आणि तिथून फोनवर येणार होता.

नवऱ्याचे वडील रशीद होडेकर पडवीत टेलिफोनसमोर बसले होते. ते होड्या बांधणारे सुतार. वय अठ्ठावन्न, हाताला घट्टे, बोलणं बेताचं. त्यांची बायको अजरा आदल्या मे महिन्यात वारली होती. तेव्हापासून त्यांचं बोलणं आणखी कमी झालं होतं, पण ते आधीच इतकं कमी होतं की लोकांच्या लक्षात आलं नाही.

हे लग्न अजरानंच जमवलं होतं. हसनमियांची हुदा तिला लहानपणापासून आवडायची. रशीदभाईंचा एकुलता मुलगा अद्नान चार वर्षं शारजात एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपात होता. त्याला जानेवारीत रजा मिळायची होती, म्हणून तारीख धरली, दावतीची आमंत्रणं गेली. मग वर्कशॉपातले दोघे जण काम सोडून गेले आणि अद्नानची रजा रद्द झाली. तारीख पुढे ढकलली असती, पण कंपनीनं त्याला बायकोला घेऊन राहण्यासाठी खोली देऊ केली होती. निकाहनामा महिनाअखेर तिथे पोचला तर खोली त्याची, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाची, आणि मग पुन्हा नंबर कधी लागेल ते अल्लाला ठाऊक.

"मग फोनवर लावू," हसनमिया म्हणाले होते.

"निकाह फोनवर लागत नाही," काझीसाहेबांनी सांगितलं. "निकाह मजलिसीत लागतो. एका जागी बसून, दोन साक्षीदारांच्या कानांवर पडेल असा. पण वाट आहे. मुलानं फोनवरून बापाला आपला वकील नेमावं. मग बाप इथे बसून मुलाच्या वतीनं कबूल म्हणेल."

त्यासाठीच आज सगळे टेलिफोनभोवती जमले होते. टेलिफोन हसनमियांचा नव्हता. तो अद्नानच्या वर्गातल्या विनीत शेट्येनं आणला होता. विनीत आता कोर्टात ज्युनिअर वकील होता. त्याच्या सिनिअरच्या ऑफिसात एक बटण दाबलं की सगळ्यांना ऐकू येईल असा फोन होता. तो उचलून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो आला होता, आणि आपल्या लग्नात मिरवावं तसा मिरवत होता.

"काझीसाहेब, मी साक्षीदार चालेन का?" त्यानं विचारलं.

"तू फोन आणलास तेवढं पुष्कळ आहे. बस, अखनी खाऊन जा."

"एक वकील मी, एक चाचा. मला विचारत कुणी नाही आणि चाचांना आज सुट्टी नाही."

माणसं हसली. रशीदभाई हसले नाहीत. काझीसाहेबांनी त्यांना पुन्हा एकदा सगळं नीट समजावून सांगायला घेतलं होतं, आणि ते लक्ष देऊन ऐकत होते.

"रशीदभाई, साक्षीदार फक्त तुमचं कबूल ऐकणार. पण तुम्हाला वकील नेमणारा तो आवाज तुमच्या मुलाचाच आहे हे तुम्ही सांगायचं. अल्लाला हजर जाणून. नुसती मान हलवून चालायचं नाही."

"एवढं कशाला, काझीसाहेब?" हुदाचा भाऊ साकिब म्हणाला. "फोन अद्नान करणार. मग बोलणार दुसरं कोण?"

काझीसाहेबांनी टोपी काढून डोकं पुसलं. "दोन वर्षांमागे एका गावात असंच लग्न लागलं. सगळे हो हो म्हणाले. सहा महिन्यांनी नवरा म्हणतो, फोनवर मी नव्हतोच, माझ्या खोलीतला जोडीदार होता, मी तर ड्युटीवर होतो. आता ती पोरगी लग्नाची म्हणायची की बिनलग्नाची? कुणी सांगू शकलं नाही. मुलगा मोकळा राहिला, पोरगी अडकली. तेव्हापासून मी ठरवलंय. यंत्र काय वाटेल ते असो, एक माणूस मला पाहिजे, जो म्हणेल की मी ह्याला ओळखतो, आणि उद्या खोटं निघालं तर मला धरा."

"आमच्या कोर्टातही तसंच आहे," विनीत म्हणाला. "टेपवरचा आवाज पुराव्याला आणला, तर आधी आवाज ओळखणारा साक्षीदार उभा करा म्हणतात. आता दिल्लीत नवा कायदा येतोय म्हणे, कॉम्प्युटरवरची सही चालणार."

"चालू दे. पण ती सही करताना समोर कोण बसला होता ते कॉम्प्युटर सांगणार आहे का?"

विनीतनं विचार केला. "ते अजून वाचलेलं नाही मी."

तेवढ्यात फोन वाजला. विनीतनं बटण दाबलं. आधी समुद्रासारखी खरखर आली, मग पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला.

"अस्सलाम आलेकुम."

पडवीतल्या पन्नास जणांनी एकदम सलाम परतवला, तो पलीकडे पोचला तेव्हा फोनच शिट्टी मारायला लागला. शिट्टी थांबल्यावर काझीसाहेबांनी विचारलं, "तुझं नाव काय?"

"अद्नान रशीद होडेकर."

"रशीदभाई, हा तुमचा मुलगा? आवाज ओळखता?"

सगळे रशीदभाईंकडे बघायला लागले. त्यांनी तोंड उघडलं. 'हो' दातांपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

त्यांना तो आवाज ओळखू येत नव्हता.

अद्नान चार वर्षं दर शुक्रवारी फोन करायचा. अजरा उचलायची. अर्धा तास ती बोलायची, हसायची, रागवायची, आणि शेवटी रिसीव्हर पुढे करून म्हणायची, घ्या, बोला. रशीदभाई म्हणायचे, "बरा आहेस? काम ठीक? हां. ठेव." पलीकडून 'हां, आब्बा' एवढंच यायचं. अजरा गेल्यावरही शुक्रवारी फोन येत राहिला. दोघं एकमेकांना बरा आहेस, बरे आहात विचारायचे, आणि मधलं अर्ध्या तासाचं बोलणं करणारं कुणी नसल्यामुळे फोन ठेवायचे. चार वर्षांचा सगळा मिळून हिशोब केला तरी मुलाचा आवाज त्यांच्या कानात ओंजळभर पडलेला नव्हता. त्यातून हा डब्यातला.

"सांगता येत नाही," रशीदभाई म्हणाले.

पडवीत गलका उडाला. आतल्या पडद्यामागून त्यांच्या मोठ्या बहिणीचा, जैबुनचा आवाज सगळ्यांच्या वर चढला. "ऐकलंव काय? लाकडावर टकटक करून आतली कीड सांगतो हा, आणि पोटच्या पोराचा आवाज याला वळखता येत नाय. हो म्हण रे मेल्या, देगी थंड होतायत."

हसनमियांचा चेहरा उतरला. ते हळू आवाजात म्हणाले, "रशीदभाई, तुम्हाला हे लग्न नको असेल तर सरळ सांगा. असं चार माणसांत नको."

"मला पाहिजे आहे, हसनमिया. तुमच्यापेक्षा जास्त पाहिजे आहे." रशीदभाईंनी घसा साफ केला. "पण लाकूड जून आहे की कोवळं ते मला कळलं नाही, आणि तरी मी ते होडीत ठोकलं, तर मी बुडत नाही. मी किनाऱ्यावर असतो. आत तुमची पोरगी बसणार आहे. आत्ता हो म्हणायला माझं काय जातं? पण उद्या काही निघालं तर तिनं कुणाकडे बोट दाखवायचं?"

कुणी काही बोलायच्या आत फोनमधून आवाज आला. "कोण बोलतंय ते?"

"तुझे आब्बा," विनीत म्हणाला.

"माझे आब्बा नाहीत ते. आब्बा एवढं बोलत नाहीत."

पडवी हसली. काझीसाहेबही हसले, पण त्यांनी बोट वर केलं. "बरोबर बोलतोय तो. आपण कुणाला वकील नेमतोय ते त्यालाही कळलं पाहिजे. हे मी धरलंच नव्हतं."

मग प्रत्येकानं तोड काढली. कुणी म्हणालं, अंगावरची खूण विचारा. रशीदभाई म्हणाले, डाव्या गुडघ्यावर पटाशीचा व्रण आहे. विनीत म्हणाला, चाचा, तो फोनवर दिसायचा नाही. साकिब म्हणाला, शाळेतल्या मास्तरांचं नाव विचारा, आजीचं नाव विचारा. काझीसाहेबांनी मान हलवली. "चार वर्षं एका खोलीत राहणाऱ्याला गुडघाही माहीत असतो आणि आजीही. माहिती सांगणं म्हणजे माणूस असणं नव्हे. माहिती कुणीही पाठ करतो."

शेवटी त्यांनी फोनकडे वाकून सांगितलं, "बेटा, आता ठेव. पंधरा मिनिटांनी पुन्हा लाव. तोवर आम्ही काय ते बघतो."

फोन बंद झाला. रशीदभाई उठले आणि कुणाला न विचारता आतल्या पडद्यापाशी गेले. पडद्याजवळच्या खुर्चीवर बसून ते म्हणाले, "हुदा, आहेस गो तिथे?"

आत कुजबुज झाली, बांगड्या वाजल्या. "आहे, चाचा."

"तुला राग आला असेल."

"नाही."

"मला खोटं बोलता आलं असतं. पण ते तुझ्या नावावर पडलं असतं."

बांगड्यांचा आवाज पडद्याजवळ सरकला. मग अगदी हळू म्हणाली, "चाचा, तेच आहेत. मी ओळखते."

रशीदभाईंना आधी कळलंच नाही. साखरपुड्यानंतर लग्नापर्यंत मुलामुलीनं बोलायचं नाही हा दोन्ही घरांचा रिवाज होता. हसनमिया त्या बाबतीत फार कडक.

"तू कशी ओळखतेस?"

"अजराचाची मला मसाला कुटायला बोलवायच्या ना."

"कधी?"

"शुक्रवारी."

"मग?"

"मग मसाला नसायचा."

रशीदभाई पडद्याकडे बघत राहिले. "आणि मी कुठे असायचो?"

"तुम्हाला चाची जेटीवर पाठवायच्या. बांगडे आणायला."

आता त्यांना सगळं लख्ख आठवलं. जवळजवळ वर्षभर दर शुक्रवारी बांगडे, आणि ते घेऊन परतलं की रिसीव्हर पुढे. घरात सुरमई असली तरी बांगडे. एकदा ते म्हणालेही होते, आज कशाला, आहेत की कालचे. त्यावर अजरा म्हणाली होती, शुक्रवारचा बांगडा वेगळा लागतो. आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. चवही वेगळी लागली होती.

त्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते असे हसत होते, आणि हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. आतून जैबुन म्हणाली, "याला काय झालं आता?"

"काही नाही. बांगडा आठवला."

ते पडद्याकडे सरकले. "मग तुझ्या शब्दावर सांगू काझीसाहेबांना? तुला खात्री आहे तर झालं."

"नको, चाचा." हुदा पटकन म्हणाली. "एक तर बाबा मला जिवंत ठेवायचे नाहीत. आणि मी ओळखते म्हणून तुम्ही शपथ घेतलीत तर ती माझीच शपथ झाली. माझ्याच बाजूची साक्ष मीच दिल्यासारखी. मला तुमची पाहिजे. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. ते म्हणायचे, आब्बा बोलतच नाहीत."

"काय बोलू?"

"ते मी कसं सांगू? चाची तर कशावरही बोलायच्या."

रशीदभाई पडवीत परत आले. काझीसाहेबांना म्हणाले, "मला त्याच्याशी बोलू द्या. हे बटण दाबून नाही. कानाला लावून."

काझीसाहेबांनी घड्याळ बघितलं. "असरच्या नमाजाची वेळ झालीच आहे. आम्ही मशिदीत जाऊन येतो. तुम्ही मागाहून पढा. येईपर्यंत ओळखलंत तर निकाह लावू. नाही ओळखलंत तर जेवून घरी जाऊ, आणि कुणी कुणाला बोल लावायचा नाही. हसनमिया, चालेल?"

हसनमियांनी मान हलवली. त्यांना चालत नव्हतं, पण आपल्या मुलीसाठीच हे चाललंय हे त्यांना दिसत होतं.

पुरुषमाणसं गेली. फोन वाजल्यावर विनीतनं बटण बंद केलं, रिसीव्हर रशीदभाईंच्या हातात दिला आणि मांडवात जाऊन बसला.

"हां," रशीदभाई म्हणाले.

"हां."

रिसीव्हरमधून आवाज डब्यातला येत नव्हता. श्वाससुद्धा ऐकू येत होता.

"तू तिथे काय करतोस?" रशीदभाईंनी विचारलं.

"एसी दुरुस्त करतो."

"ते माहीत आहे. म्हणजे करतोस काय? सकाळी गेल्यावर पहिलं हातात काय घेतोस?"

हे चार वर्षांत त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा पाण्याच्या फवाऱ्यानं जाळ्या धुवायच्या, त्यातून वाळू निघते, घमेलंभर वाळू. मग तांब्याच्या नळ्या तपासायच्या. एखाद्या सांध्यातून गॅस जात असतो, तो डोळ्यांना दिसत नाही.

"मग कसा शोधतोस?"

"साबणाचा फेस लावतो. जिथे बुडबुडा येतो तिथे गळतंय."

"हुशारी आहे," रशीदभाई म्हणाले. "आणि सांधा बसवतोस कशानं?"

"जाळ मारून. धातू वितळवून भरतो त्यात."

"आम्ही फटीत कापूस ठोकतो. तेलात भिजवून."

"माहीत आहे, आब्बा. मीच वळून द्यायचो कापूस."

"सैल वळायचास."

"नऊ वर्षांचा होतो."

"तरी सैलच होता."

अद्नान हसला. ते हसणं रशीदभाईंनी कानाशी घट्ट धरलं, पण अजून काही सांगता आलं नसतं. हसणं कुणाचंही चांगलंच लागतं.

मग अद्नान एकदम म्हणाला, "अम्मा त्या दिवशी काय म्हणाली? शेवटी? मला कुणी सांगितलंच नाही. जैबुनफुफू नुसती रडते."

रशीदभाईंनी पडवीतून बाहेर बघितलं. मांडवात मुलं खुर्च्यांखालून पळत होती.

"पाच वाजता चहा मागितला तिनं. मी केला. एक घोट घेतला आणि म्हणाली, साखर जास्त झाली. मी म्हटलं, दुसरा करतो. म्हणाली, राहू दे, आता कोण उठतंय. आणि पडली. मी कप विसळून आलो तर गेली होती."

"साखर तुम्ही जास्तच घालता," अद्नान म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता.

"हां. घालतो."

"अजून?"

"अजून. आता सांगणारं कोण आहे?"

"जेवता काय?"

"भात."

"भातावर?"

"असतं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय, आब्बा?" आवाज चढायला लागला. "एक म्हणजे, फुफू रोज तुमचं ताट करते आणि तुम्ही जात नाही, हे ती मला कळवते. दुसरं म्हणजे, चष्मा बदलून घ्या म्हणून सहा महिने तिच्याकडून सांगवतोय, तर तुम्ही दोरी बांधून तोच घालता. आणि तिसरं तर तुम्हाला माहीतच आहे."

रशीदभाई खुर्चीत ताठ झाले.

बत्तीस वर्षांच्या संसारात अजरा जेव्हा जेव्हा त्यांच्यावर रागवली, तेव्हा तेव्हा अशीच रागवली होती. एक म्हणजे हे, दुसरं म्हणजे ते, आणि तिसरं तर तुम्हाला माहीतच आहे. तिसरं काय ते त्यांना कधीच माहीत नव्हतं. विचारायची हिंमत झाली नाही, कारण आपल्याला माहीत नाही हे कळलं तर ते चौथं झालं असतं. रात्र रात्र पडून त्यांनी आठवून बघितलं होतं, आपलं नक्की काय चुकतंय. ती गेली आणि तिसरं तिच्याबरोबर गेलं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं.

"तिसरं काय रे?" त्यांनी विचारलं.

"काय तिसरं?"

"आत्ता म्हणालास ना. तिसरं तुम्हाला माहीतच आहे."

"काही नाही. असंच म्हणायचं असतं. अम्मा सांगायची, दोनावर थांबलं तर तुझे आब्बा मनावर घेत नाहीत. तिसरं आहे म्हटलं की पहिली दोन करून टाकतात."

रशीदभाईंनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा कानाला लावला.

"अद्नान," ते म्हणाले.

"हां, आब्बा."

"काझीसाहेब येतायत. जाऊ नकोस."

माणसं मशिदीतून परत आली, चपला काढून बसली. विनीतनं बटण दाबलं. काझीसाहेबांनी रशीदभाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उत्तर त्यांना तिथेच मिळालं असावं, पण त्यांनी रीतसर विचारलं.

"हा आवाज कुणाचा?"

"अल्लाला हजर जाणून सांगतो, माझा मुलगा अद्नान याचा."

"कशावरून?"

"मला ओरडला तो."

"बापाला ओरडला?"

"त्याच्या आईसारखा ओरडला. तसं ओरडायला शिकवून येत नाही, काझीसाहेब. तिच्या हाताखाली वीस वर्षं काढावी लागतात."

काझीसाहेबांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. "हे किताबात लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "पण किताबात फोनही लिहिलेला नाही. आणि उद्या खोटं निघालं तर?"

"विनीत, कागद घे," रशीदभाई म्हणाले. "लिही. हा आवाज रशीद होडेकरनं ओळखला. खोटा निघाला तर हुदाचं जे काही नुकसान होईल ते त्यानं भरायचं, आणि तिची बाजू घेऊन कोर्टात पहिला त्यानं उभं राहायचं. पोराच्या विरुद्ध असलं तरी. खाली माझी सही घे, आणि कागद हसनमियांकडे दे."

विनीतनं लिहिलं. लिहिताना तो पहिल्यांदाच जरा वकिलासारखा दिसत होता. हसनमियांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि रशीदभाईंच्या खांद्यावर हात ठेवून तो बराच वेळ काढला नाही.

"आणि तू, बेटा?" काझीसाहेबांनी फोनला विचारलं. "तुझी खात्री आहे का, की हे तुझे आब्बा आहेत?"

"आता आहे," डब्यातून उत्तर आलं. "माझ्या लग्नाच्या दिवशी मला सांधा कसा बसवतोस विचारणारा दुसरा माणूस अख्ख्या राजिवड्यात नसेल."

मग अद्नाननं शब्दाला शब्द लावून सांगितलं, की मी रशीद होडेकर यांना हुदाशी माझा निकाह कबूल करण्यासाठी वकील नेमतो. सगळ्यांनी ते ऐकलं. शेवटचा शब्द पुरा झाला आणि खट् असा आवाज होऊन लाइन तुटली.

"गेला," विनीत म्हणाला. तो बटणं दाबायला लागला.

"जाऊ दे," काझीसाहेब म्हणाले. "त्यानं वकालत दिली. आता त्याची गरज नाही."

नवऱ्याची गरज नाही म्हटल्यावर पडद्यामागे बायका खिदळल्या. हुदाची मंजुरी घेऊन झाली. काझीसाहेबांनी खुतबा पढला, दोन साक्षीदार रशीदभाईंच्या दोन बाजूंना येऊन बसले, आणि हसनमियांनी मुलगी दिल्याचे शब्द म्हटले. मेहर ठरली होती ती सांगितली गेली.

"माझा मुलगा अद्नान याच्या वतीनं," रशीदभाई म्हणाले, "कबूल केलं." रिवाज म्हणून ते तीनदा म्हणायचं होतं. पहिल्यांदा नीट आलं, दुसऱ्यांदा नीट आलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांची नजर पडद्यापाशी गेली, तिथे लग्नात अजरा उभी राहिली असती, आणि शब्द घशात अडखळत बाहेर पडला. पण पडला. साक्षीदारांनी ऐकल्याची मान हलवली. दुवा झाली, खजूर वाटले गेले, माणसं एकमेकांना मुबारक म्हणायला लागली, आणि साकिब पंगतीची घाई करायला धावला.

रशीदभाई मात्र फोनपाशीच होते. "अरे, त्याला कुणी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. सगळ्या राजिवड्याला अद्नानचं लग्न झाल्याचं माहीत होतं, एकट्या अद्नानला माहीत नव्हतं. विनीत नंबराची चिठ्ठी शोधायला लागला. एक खिसा, दुसरा खिसा, कोटाचा खिसा. तेवढ्यात पडद्यामागून कुणीतरी सगळा नंबर, देशाच्या आकड्यासकट, घडाघडा म्हणून दाखवला.

हसनमियांनी पडद्याकडे मान वळवली. "हिला कसा पाठ?"

"नवरा आहे तिचा," रशीदभाई म्हणाले. "पाठ नको?"

त्यांनी स्वतः नंबर फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा. एकच घंटा वाजली आणि पलीकडे उचललं गेलं.

"आब्बा? मघाशी कटलं. मी किती वेळ लावतोय, लागतच नव्हता. काझीसाहेब आहेत ना अजून? पुढचं कधी करायचं?"

"झालं."

"काय झालं?"

"तुझं लग्न."

मग अद्नाननं जरा घाबरत विचारलं, "मी काय म्हणालो?"

"कबूल म्हणालास. तीनदा."

"नीट म्हणालो ना?"

"चांगलं म्हणालास," रशीदभाई म्हणाले. "तिसऱ्यांदा आवाज जरा बसला होता."